एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ९१, ९५ आणि आम्ही न वाचलेला प्लग

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सकाळी गॅरेज उघडल्यावर तुमच्या गाडीचं जॉब कार्ड काढून पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. चढाला लागलं की तुमच्या इंजिनातून टकटक यायची. तुम्ही ९१ सोडून ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकायला लागलात आणि आवाज थांबला. मग गाडी सर्व्हिसिंगला आमच्याकडे आली. आमच्या मेकॅनिकने "साधंच टाका, महागाचं वाया जातंय" असं सांगितलं. तुम्ही ऐकलंत आणि तिसऱ्याच दिवशी त्याच चढावर तीच टकटक परत आली. शिवाय टाकीतलं उरलेलं पेट्रोल तुम्हाला न विचारता काढलं गेलं. "स्वस्त पेट्रोल टाकायला लावून इंजिनं खराब करतात, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा यांच्याच दारात," असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

शेवटचं वाक्य खरं नाही. बाकीचं बरंचसं खरं आहे.

आधी पेट्रोलचं बघू. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये "किमान ९१ आरओएन" असं छापलंय (आरओएन ही ऑक्टेन मोजायची एक पद्धत). इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९.५ ला १ आहे. एवढ्या दाबाला ९१ पुरतं, म्हणजे आमच्या मेकॅनिक मुलाने दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, असा समज घेऊन रोज कुणी ना कुणी आमच्याकडे येतं. प्रत्यक्षात दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीच्या आधी किंवा ठिणगीला बाजूला सारून आपोआप भडकायचं नाही, ही पेट्रोलची सहनशक्ती त्या आकड्यात मोजलेली असते. मोजतात ती एका सिलिंडरच्या, कॉम्प्रेशन कमीजास्त करता येणाऱ्या चाचणी-इंजिनावर. मोजपट्टी म्हणून दोन शुद्ध द्रव घेतलेत: आयसोऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरलंय. ९५ आरओएन म्हणजे ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनचं मिश्रण जेवढं टिकाव धरेल, तेवढा टिकाव. लिटरमागे मिळणाऱ्या ऊर्जेबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. उलट इथेनॉलचा स्वतःचा आकडा १०० च्या वर असतो, पण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे इथेनॉल मिसळून आकडा चढवला तर अॅव्हरेज वाढायचं सोडून थोडं उतरूही शकतं.

मग ९५ कुणाला लागतं? ज्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय, त्यांना लागतंच, बहुधा ती जास्त कॉम्प्रेशनची इंजिनं असतात, तिथे काटकसर करू नये. काही गाड्यांना नॉक सेन्सर असतो. तो टकटक टिपतो आणि ठिणगीची वेळ मागेपुढे करतो, अशा गाडीला चांगल्या पेट्रोलचा फरक जाणवू शकतो. तुमच्या गाडीला तो नाही. टायमिंग ठरलेलं आहे, टाकीत ९१ आहे की ९८ हे तिला कळत नाही.

तुम्ही मित्राच्या परदेशी गाडीचा दाखला दिलाय: इंजिन तुमच्याहून मोठं आणि टाकीच्या झाकणाजवळ फक्त ८७ लिहिलेलं, "मग तुमचा ९१ चा आग्रह कसला?" त्या स्टिकरवर ८७ च्या शेजारी बारीक अक्षरात "आर अधिक एम भागिले दोन" असं बहुतेक सापडेल, मित्राला बघायला सांगा. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. आरओएनची चाचणी ६०० आरपीएमला होते, एमओएनची ९०० ला, मिश्रण तापवून, जास्त कडक. अमेरिका आणि कॅनडात पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. बऱ्याच इतर देशांत नुसता आरओएन लिहितात. तिकडचं ८७ म्हणजे ढोबळमानाने आरओएनमधलं ९१. म्हणजे तुम्हा दोघांच्या गाड्या जवळपास एकच पेट्रोल मागतायत. यात गोंधळ होणं साहजिक आहे, मीही सुरुवातीला फसलो होतो. (ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवरचे "पॉइंट" हा असाच आणखी एक घोळ. तिथे एक पॉइंट बहुधा ०.१ चा असतो. "३० पॉइंट वाढ" म्हणजे ९१ चं ९४, १२१ नव्हे.)

आता आमची चूक. ९१ वर चालायला हवी ती गाडी ९१ वर टकटक करत असेल, तर दोष पेट्रोलच्या बाहेर कुठेतरी आहे. हे आमच्या मुलाला कळायला हवं होतं. तुम्ही त्याला सांगितलंही होतं की आवाज यायचा म्हणून ९५ टाकतोय. कार्डावर त्याच्याच अक्षरात ते लिहिलेलं आहे. त्याने वाक्याचा दुसरा भाग ऐकला आणि पहिला सोडून दिला. ९५ ने आवाज बुजला होता, कारण मात्र आत तसंच होतं. आम्ही बुजवणारी गोष्ट काढून घेतली आणि कारण शोधलंच नाही.

कारण काय, ते मला आज सकाळी कळलं असं वाटतंय. सर्व्हिसिंगमध्ये काढलेल्या प्रत्येक पार्टचा आमच्याकडे फोटो काढून ठेवतात. तुमच्या प्लगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी टाकणाऱ्या स्पार्क प्लगचा, फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला. टोकाचं पोर्सेलिन खडूसारखं पांढरं पडलंय आणि त्यावर मोहरीहून बारीक काळे, चकचकीत कण आहेत. धड चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो. पांढरा रंग आणि ते कण म्हणजे प्लग प्रमाणाबाहेर तापतोय आणि आत धक्के बसतायत. मग प्लगवरचा नंबर वाचला. तुमच्या गाडीला एनजीके कंपनीचा ८ हीट रेंजचा प्लग लागतो (प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याचा हा आकडा). बसवलेला आहे ६ चा.

एनजीकेमध्ये आकडा लहान तेवढा प्लग गरम, म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे (इंजिनाच्या वरच्या भागाकडे) सावकाश सोडणारा. बॉश या दुसऱ्या कंपनीत बरोबर उलटं, आकडा मोठा तेवढा गरम. एकाच्या सवयीने दुसऱ्याचा प्लग निवडला की हा घोटाळा होतो, आणि तुमच्या बाबतीत आधी कुणाकडून तरी हेच झालं असावं. पण प्लग आमच्याकडे आला, आम्ही तो ब्रशने साफ केला, गॅप तपासला, फोटोसुद्धा काढला आणि नंबर न वाचता परत बसवला. त्यामुळे आधी कुणी बसवला यावर मला काही बोलायचं नाही.

चढावरच आवाज का, हेही यातून उलगडतं. चढाला थ्रॉटल पूर्ण पिळलेलं, गिअर वरचा, आरपीएम कमी. सिलिंडरमध्ये मिश्रण भरपूर आणि जळायला वेळही जास्त. त्यात प्लगचं टोक निखाऱ्यासारखं तापलेलं. ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण एकदम पेटतं, तीच ती टकटक. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन धरला असेल तर आणखी भर, कारण जागा कमी होऊन दाब वाढतो आणि कार्बनचा कणही तापून लाल होतो. तो धरलाय की नाही हे प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिल्याशिवाय सांगणार नाही. एकदा न बघता बोलून झालंय.

तुम्ही ९५ टाकून तात्पुरतं इंजिन वाचवलंत, हे मान्य करतो. गाडी आमच्याकडे येईपर्यंत तेच टाका, आमच्या मुलाने काहीही सांगितलं असलं तरी. चढ आला की एक गिअर खाली घ्या, इंजिनाला रडवू नका. आवाज सुरू झालाच तर थ्रॉटल थोडं सोडा.

टाकीतल्या पेट्रोलबद्दल: फिल्टर बदलण्यासाठी ते काढलं होतं आणि परत ओतायचं राहिलं. त्याला दुसरं काही कारण नाही आणि सबबही नाही. तेवढं पेट्रोल आणि त्या सर्व्हिसिंगची मजुरी तुम्हाला परत मिळेल, रिव्ह्यू काढा किंवा ठेवा. "म्हणजे पुन्हा यांच्याच दारात" हे मात्र मनाला लागलं, कारण आम्हीच अर्धवट केलेल्या कामासाठी तुम्हाला खरोखर पुन्हा आमच्या दारात बोलवावं लागतंय.

८ नंबरचा प्लग मागवून ठेवलाय, त्याचे पैसे नाहीत. सकाळी आलात तर बरं, इंजिन गार असताना प्लग काढायला सोपं जातं आणि हेडमधले आटे खराब होत नाहीत. प्लग बदलून, कॅमेऱ्याने आत बघून, मग ९१ वर त्याच चढावर तुम्ही चालवा, मी मागे बसतो. त्यासाठी टाकीतलं ९५ काढावं लागेल. या वेळी ते तुमच्यासमोर कॅनमध्ये काढू आणि कॅन तुमच्याच हातात देऊ.