"४८ तासांत फ्लू मुळापासून": ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरणेच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच दिवशी चौघांनी एकच मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तो माहेरच्या ग्रुपवर आला, मग मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. मेसेज थोडक्यात असा: फ्लू म्हणजे जोराची सर्दीच, घाबरू नका. दिवसातून पाच वेळा वाफारा घ्या, ५६ अंशांवर विषाणू मरतो. चिमूटभर मिरी घातलेलं हळदीचं दूध आणि गुळवेल-ज्येष्ठमधाचा काढा हवा तेवढा प्या, नैसर्गिक आहे, अपाय होतच नाही. लहान बाळालाही तुळशीचा रस मधातून चाटवा. नाकात मोहरीचं तेल सोडा. लिंबू-संत्र्याने आजार पळतो. ताप दाबू नका, गोधड्या घेऊन घाम काढा. ४८ तासांत आजार मुळापासून जाईल, डॉक्टरकडे जायची गरज नाही.

मी एकोणीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. "तुम्ही औषधं विकता, तुम्ही असंच बोलणार," हे ग्रुपवर दोघांनी लगेच सुनावलं. म्हणून आधी हे सांगते: माझ्या दुकानातलं एकही औषध साधी सर्दी बरी करत नाही. दोनशेहून जास्त विषाणूंमुळे सर्दी होते, त्यात ऱ्हायनोव्हायरस सर्वांत नेहमीचा. सात ते दहा दिवसांत ती आपली आपण जाते. खोकला कधीकधी तीन आठवडे रेंगाळतो. गोळ्या आणि सिरप तेवढ्या दिवसांतला त्रास कमी करतात, दिवस कमी करत नाहीत. लहान मुलांच्या बाबतीत तर आमचीच औषधं जपून वापरायची आहेत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे सर्दीचं जोडऔषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप देऊच नयेत असं सांगितलं.

तेव्हा आजीचा बटवा विरुद्ध मेडिकल असं हे भांडण नाही. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. घरात कुणाला सर्दी झाली की आजही हुलग्याचं माडगं चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, चढतं आणि ते मीही वाटी पुढे करून मागून घेते. घरगुती उपाय आराम देतात, आणि आजारात आराम मिळणं ही लहान गोष्ट नाही. माझा आक्षेप आहे तो "मुळापासून", "हवा तेवढा", "बाळालाही" आणि "डॉक्टर नको" या चार गोष्टींना.

"फ्लू म्हणजे जोराची सर्दीच." नाही. फ्लू इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने होतो आणि त्याची चालच वेगळी असते. सर्दी पायरी पायरीने येते: घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक वाहतं, माणूस कुरकुरत का होईना कामावर जातो. फ्लू अचानक पाडतो. सकाळी तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलणारा माथाडी गडी दुपारी हुडहुडी भरून, अंग मोडून पडलेला मी पाहिलाय. बहुतेक लोक आठवड्याभरात उठतात. पण गरोदर बाई, पासष्टीच्या पुढची माणसं, पाच वर्षांखालची मुलं, आणि मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेली माणसं यांच्यात फ्लू फुफ्फुसात उतरायचा धोका मोठा असतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा गरोदर बायकांना तो किती जड जातो हे साऱ्या जगाने पाहिलं.

वाफाऱ्याचं ५६ अंशांचं गणित ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणूनच ते जास्त पसरतं. प्रयोगशाळेत नळीतला विषाणू उष्णतेने निकामी होतो, हे खरं. पण नाकातला विषाणू नळीत नसतो; तो आपल्याच पेशींच्या आत शिरून वाढत असतो. त्याला मारायला तेवढी उष्णता तेवढा वेळ आत पोचवली, तर आधी नाकाची आतली त्वचा भाजेल. पाणी ६० अंशांवर असलं तरी काही सेकंदांत कातडी भाजते, आणि आपण तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मान वाकवतो. गरम दमट हवेवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सर्दी लवकर बरी होते असं काही ठाम दिसलं नाही. नाक थोडा वेळ मोकळं वाटतं, शेंबूड पातळ होतो, एवढंच. आणि ते सुख हवं असेल तर मोठ्या माणसाने सावकाश, अंतर ठेवून जरूर घ्यावं.

मुलांना मात्र पातेल्यावर बसवू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्या मागच्या गल्लीतली चार वर्षांची मुलगी टॉवेलखाली घाबरून हलली आणि पातेलं मांडीवर कलंडलं. सर्दी पाचव्या दिवशी गेली. मांडीवरचे डाग अजून आहेत. लहान मुलासाठी बाथरूमचं दार लावून गरम शॉवर सोडावा, त्याच्या वाफेत मूल कडेवर घेऊन पाच मिनिटं बसावं, आणि नाकात मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. मोठ्यांना जलनेती करायची असेल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको.

हळदीच्या दुधाबद्दल थोडक्यात. हळदीत कर्क्युमिन हा पिवळा घटक असतो साधारण तीन टक्के, आणि तोही आतड्यातून रक्तात फार थोडा जातो. मिऱ्यांसोबत तो जास्त शोषला जातो, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, म्हणून मेसेजमध्ये "चिमूटभर मिरी" आली असावी. पण रक्तात जास्त जाणं आणि फ्लू बरा होणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर पार झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. झोपताना कोमट दूध घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी ते प्यावं. लिंबू-संत्र्याचंही असंच. व्हिटॅमिन सी रोज नेमाने घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे आठ टक्के लवकर आटपते, म्हणजे आठवड्यातून अर्धा दिवस वाचतो. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तसा फायदा सातत्याने दिसत नाही.

काढ्याशी मात्र थांबायला हवं, कारण "हवा तेवढा" हा शब्द इथे खरोखर घातक आहे. ज्येष्ठमधाची काडी चघळली की घसा मऊ पडतो, हे मी स्वतः अनुभवलंय. पण त्यातलं ग्लायसिरायझिन रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. आमच्या भागात बीपीची गोळी, त्यातही लघवी जास्त करवणारी गोळी घेणारी माणसं घरटी एक आहेत. त्यांनी दिवसातून चार पेले ज्येष्ठमधाचा काढा प्यायचा आणि वर म्हणायचं अपाय होतच नाही?

गुळवेलीचंही ऐका. २०२० मध्ये लोक कडुनिंबावरच्या वेली ओरबाडून आणत होते आणि महिनोन् महिने उकळून पीत होते. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांकडे लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: दुसरी, गुळवेलीसारखीच दिसणारी वेल असेल, वनस्पती तपासलेली नाही. हा आक्षेप क्षणभर मान्य केला तरी माझा मुद्दा पक्काच होतो. रस्त्याकडेची वेल ओळखून आणणारे आपण कोण? वैद्यांनी नाडी बघून, मात्रा सांगून दिलेली गुळवेल वेगळी, आणि मेसेज वाचून तोडलेली वेगळी. ज्यांना आधीच लिव्हरचा किंवा शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

आता मध. मेसेजमधला सर्वांत चांगला उपाय हाच आहे आणि सर्वांत वाईट ओळही त्याचीच. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध दिला तर खोकला कमी होतो, मूल झोपतं, आणि आईही झोपते. मुलांच्या खोकल्यावरच्या चाचण्यांत मध नुसतं थांबून राहण्यापेक्षा चांगला ठरलाय, काही सिरपच्या तोडीचाही. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनातही २०१८ पासून तो आहे.

पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. बाळाचं आतडं कच्चं असतं, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी बाळाला शी होत नाही, मग दूध ओढायची ताकद जाते, रडणं क्षीण होतं, मान टाकतं. मध गरम करून हे बीजाणू मरत नाहीत. आपल्याकडे जन्मल्या दिवशी मध चाटवतात, बाळगुटी मधात उगाळतात. "आमची सगळी मुलं अशीच वाढली" हे मी शंभरदा ऐकलंय. वाढली, हे खरं. धोका क्वचित येतो, पण आला तर बाळाला श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागतं. एका चमच्यासाठी हे कशाला?

नाकात तेल सोडण्याबद्दल एवढंच: ते नाकातून मागे सरकून फुफ्फुसात उतरू शकतं आणि तेलाचा न्यूमोनिया होतो, विशेषतः बाळांत आणि म्हाताऱ्यांत. ग्रुपवर कुणी कापूरही सुचवला होता. कापूर मुलाच्या पोटात थोडा जरी गेला तरी झटके येतात; देव्हाऱ्यातली डबीसुद्धा वर ठेवा.

"ताप दाबू नका" यात अर्धं सत्य आहे. ताप हा शरीराचा प्रतिकारच, आणि हलका ताप असताना मूल खेळत असेल तर गोळीची घाई नको. पण पॅरासिटामॉलने आजार लांबेल या भीतीने अंग ठणकत पडून राहायचं, पाणी पिववत नाही, झोप नाही, यात कसलाही फायदा नाही. गोधड्यांनी घाम निघतो आणि सोबत पाणीही निघून जातं. गोळी घेताना एकच जपा: सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, वर वेगळी घेतली की मात्रा दुप्पट होते. आणि जुलै ते ऑक्टोबर आपल्या खाडीकाठच्या शहरात प्रत्येक ताप फ्लू नसतो. नाक वाहत नाही, शिंका नाहीत आणि ताप चढतोय, तर मलेरिया, डेंग्यू, किंवा साचलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. तोवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्त तपासायला जा. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही मागू नका. विषाणूवर ते चालत नाही, शेंबूड हिरवा झाला म्हणून तर नाहीच.

राहिली शेवटची ओळ, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. ४८ तास. फ्लूवर औषध आहे, ओसेल्टामिव्हिर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं, प्रत्येकाला लागतही नाही. पण ज्यांना धोका जास्त त्यांना ते लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. मेसेज नेमके तेच दोन दिवस घरी काढायला सांगतो.

गेल्या ऑगस्टमध्ये एक सासूबाई सुनेला घेऊन दुकानात आल्या. सून सातव्या महिन्यात, तापाचा तिसरा दिवस संपत आलेला. बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबत होती. "४८ तास बघू म्हटलं, मेसेज आला होता," सासूबाई म्हणाल्या. त्यांची माया खरी होती. दर चार तासांनी उठून काढा करून दिला होता. मी खोकल्याचं सिरप दिलं नाही, रिक्षा बोलावली. न्यूमोनिया निघाला. सहा दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही आणलं?

धाप लागते, छातीत दुखतं, ओठ निळसर होतात, माणूस असंबद्ध बोलतो, मूल पीत नाही किंवा आठ तास लघवी नाही, ताप तीन दिवसांपुढे जातो किंवा उतरून पुन्हा चढतो: यातलं एकही दिसलं तर पातेलं बाजूला ठेवून निघायचं. गरोदर असाल तर यातलं काही दिसायची वाटही पाहायची नाही. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, वाशीला महापालिकेच्या रुग्णालयात जा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी, गरोदरपणातही चालते.

ती सून दिवाळीनंतर बाळंत झाली, मुलगी. महिन्याभराने सासूबाई दुकानात आल्या, चेहरा फुललेला. डायपर घेतले, बाळाची पावडर नको म्हणाल्या, आणि फळीवरची मधाची बाटली उचलली. बाळगुटीसाठी. मी ती त्यांच्या हातातून घेतली, परत फळीवर ठेवली आणि म्हटलं, "नातीच्या पहिल्या वाढदिवसानंतर या मावशी, तोवर आईच्या दुधातच उगाळा, आणि तेही डॉक्टरांना विचारून."