उत्तर सांगू नको रे बाबा!

आज डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

दुपारी भाच्याला ‘फोर्ट बोयार’ दाखवायला बसवलं. खजिना शोधायचा फ्रान्सचा खेळ, टीव्हीवर 1990 ला सुरू झालेला. भर समुद्रातला खराखुरा किल्ला! आधी किल्ल्या मिळवायच्या, मग सूचक शब्द, त्यावरून गुप्त शब्द ओळखायचा. बुरुजात पेर फुरा नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा कोडं घालतो. चुकलात तर किल्ली समुद्रात. शेवटी खजिन्याच्या खोलीत फरशीवरच्या अक्षरांवर उभं राहून शब्द जुळवायचा, तेव्हा मोहरा कोसळतात.

म्हाताऱ्यानं कोडं घातलं. मी सबटायटल वाचतेय, तोवर कार्ट्यानं मोबाईलला विचारून उत्तर सांगितलंसुद्धा. वर मलाच, “आत्या, कशाला डोकं शिणवतीस? आलं की उत्तर!”

अरे, डोकं शिणवायलाच बसलो होतो ना!

खानापूरकडं आमच्या आजोळी मामा बेळगावचा कुंदा आणून लपवायचा आणि आमच्या हातात नुसती चिठ्ठी. एकदा लिहिलेलं, ‘खतघी’. झालं! निम्मी पोरं उकिरड्यावर, एकानं तुपाच्या बरणीत हात घालून आज्जीचा मार खाल्ला. मामा सोप्यात तंबाखू मळत बसलेला, एक अक्षर सांगेल तर शपथ. दिवेलागणीला धाकट्या मावसबहिणीनं क ख ग घ म्हणत म्हणत पकडलं, प्रत्येक अक्षर एक घर मागं न्यायचं. कणगी! भातात कोपरापर्यंत हात घातला, तर डबा.

मोबाईलवर शोधणं हीपण हुशारीच, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच. असेल बापडी. पण तेव्हा फोन असता तर कुंदा दोन मिनिटांत संपला असता, आणि आमची ती बहीण आजही प्रत्येक लग्नात ‘खतघी मी सोडवलं’ म्हणून मिरवते, ते कशावर मिरवली असती?

आणि हल्लीचे टीव्हीवाले तरी काय! कोडं चिमूटभर, रडारड न् ढॅणढॅण संगीत परातभर. बघणाऱ्याला विचार करायला उसंतच द्यायची नाही. मग पोरं मोबाईल काढतील नाहीतर काय?

पोरगं वाईट नाही हो. खजिन्याच्या खोलीतले वाघ आले तेव्हा फोन बाजूला टाकून माझा दंड धरून बसलं होतं.

आता फोन माझ्याकडं आणि चिठ्ठी त्याच्याकडं. ‘खोपाढा’. मघापासून घरभर हिंडतोय. कुणाला सुटलं तर कमेंटमध्ये फोडू नका, त्याची आई लगेच त्याला वाचून दाखवील.