‘ग्रेम्लिन’ रोआल्ड डाल यांनी घडवलेला शब्द नाही

‘ग्रेम्लिन (यंत्रं बिघडवणारा काल्पनिक खट्याळ जीव) हा शब्द ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांनी १९४३च्या पुस्तकासाठी घडवला’, असा मेसेज फिरतोय. ते खरं नाही. डाल यांनी तो घरोघरी पोचवला, एवढं श्रेय त्यांचं. शब्द ब्रिटिश हवाई दलाच्या बोलीतला, १९२०च्या दशकापासूनचा.

उड्डाणाआधी ठीक असलेलं इंजिन ढगात शिरताच खोकायला लागतं, खाली उतरल्यावर तपासावं तर सगळं जागच्या जागी! मग वैमानिक म्हणायचे, ग्रेम्लिननं खोडी काढली. आपल्याकडे रानात वाट चुकली की चकव्यावर ढकलतात, तसंच.

व्युत्पत्तीवर एकमत नाही. ‘चिडवणे’ अर्थाच्या जुन्या इंग्रजी ‘ग्रेमियन’शी नातं जोडतात, शेपूट ‘गॉब्लिन’चं (इंग्रजी लोककथांतलं खोडकर भूत). ‘फ्रेमलिन’ या बियरच्या नावाशी लावलेली जोड मात्र मला गप्पाच वाटते.