आधी काटा, मग माणूस

जाड माणसाला सल्ला द्यायला ओळख लागत नाही. प्रवासात शेजारी बसलेली व्यक्तीसुद्धा "थोडं चालत जा" असं सांगून मोकळी होते. समोरची बाई रोज पोहते की नाही, तिचा रक्तदाब किती, साखर किती, यातलं काहीही सल्ला देणाऱ्याला माहीत नसतं. तरी त्याला काळजी वाटते. मी लहानपणापासून जाड आहे आणि ही काळजी तेव्हापासून सोसत आलेय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

ही सगळी भीती ज्या आकड्यावर उभी आहे, त्या बीएमआयचंच (बॉडी मास इंडेक्स) बघा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे गणित १८३०च्या दशकातलं, अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञाचं. तो डॉक्टर नव्हता. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणा एकाची तब्येत तपासायची नव्हती. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने या गणिताला बीएमआय हे नाव दिलं, आणि त्याच्या त्या अभ्यासात फक्त पुरुष होते. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेत 'ओव्हरवेट'ची रेषा साधारण २७-२८ वरून २५ वर आणली. कोट्यवधी माणसं एक ग्रॅमही न वाढता जास्त वजनाची ठरली.

२०१३ मध्ये कॅथरीन फ्लेगल या अमेरिकी संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. २५ ते ३० बीएमआय असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 'नॉर्मल' गटापेक्षा थोडं कमीच निघालं. त्यावर मोठा वाद झाला. ३५ च्या पुढे मात्र धोका वाढलेला दिसला, हेही सांगते, कारण सोयीचं तेवढंच उचलणं मला पटत नाही. जास्त वजनाचा मधुमेहाशी, गुडघ्यांशी, झोपेतल्या श्वासाच्या त्रासाशी संबंध आहे, हे मला मान्य आहे. लाजवलं की माणूस निरोगी होतो, हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

"मनावर घेतलं की होतं" हे वाक्य तर मला पाठ झालंय. १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती, वाढवणाऱ्यांशी नाही. ताटात काय वाढलं यापेक्षा रक्तात काय आलं, त्याचा जोर जास्त होता. आणि त्याच कीजने १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. रोज अंदाजे दीड हजार ते अठराशे कॅलरी मिळायच्या. ती मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. आज याहून कमी कॅलरींचे डाएट चार्ट सर्रास हातात दिले जातात. आणि ते पाळताना कुणी खचलं, तर दोष तिच्या इच्छाशक्तीला!

वजन कमी करण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा बहुतेकांचं वजन बरंच परत आलेलं होतं. शिवाय त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीर स्वतःला वाचवत असतं. त्याला आळस म्हणणं हा अन्याय आहे.

माझी एक मैत्रीण मोठ्या आजारपणात झपाट्याने खंगली. जेवण जात नव्हतं, जिना चढवत नव्हता. आणि भेटेल तो म्हणायचा, "काय मस्त बारीक झालीस! काय केलंस?" ती बरी झाली, जेवू लागली, अंग भरलं, तेव्हा त्याच लोकांनी काळजी करायला सुरुवात केली. आजारी होती तेव्हा कौतुक आणि बरी झाली तेव्हा चिंता! ज्यांना आरोग्याची फिकीर असते, त्यांचं असं होत नाही. ही फिकीर दिसण्याची आहे. आरोग्याचं नाव पुढे केलं की ती बोलून दाखवायला सोपी जाते, एवढंच.

लहान मुलांसमोर तर हे बोलणं थांबवाच. आठ-नऊ वर्षांची मुलगी आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते, तेव्हा ते तिला कुणीतरी शिकवलेलं असतं.

सगळ्यात जास्त नुकसान दवाखान्यात होतं. माझा खांदा दुखायचा. हात वर जायचा नाही. "आधी वजन कमी करा, मग बघू," असं ऐकून मी परत आले आणि नंतर कित्येक महिने डॉक्टरकडे फिरकले नाही. पुढे दुसरीकडे तपासणी झाली तेव्हा स्नायूबंध फाटलेला निघाला. असा अपमान टाळायला किती माणसं तपासणीच टाळत असतील! मग आजार उशिरा सापडतो आणि खापर पुन्हा वजनावरच फुटतं.

म्हणून माझ्यासारख्या सगळ्यांना सांगते, डॉक्टरांना सरळ विचारा, "हाच त्रास बारीक पेशंटला असता तर तुम्ही काय तपासण्या सांगितल्या असत्या?" औषधाचा डोस वजनावर ठरणार नसेल किंवा वजन बघण्याचं दुसरं काही वैद्यकीय कारण नसेल, तर "आज वजन नको" असंही म्हणता येतं. मी म्हणते. चांगले डॉक्टर ऐकतात आणि खुर्ची पुढे करून विचारतात, काय होतंय सांगा.