मिक्समध्ये सिंबल खाली बसत नाहीत

ड्रम रेकॉर्डिंगबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरत असतो: सिंबल (ड्रमसेटमधल्या धातूच्या थाळ्या) कितीही कर्कश वाजले तरी घाबरू नका, ओव्हरहेडचे (ड्रमसेटच्या वर टांगलेल्या माइकचे) फेडर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या, खाली घ्या, वरच्या फ्रिक्वेन्सी कापा, स्नेअर-टॉम या ड्रमना गेट (हळू आवाज बंद करणारं साधन) लावा, रूमचे, म्हणजे लांब ठेवलेले, माइक कंप्रेसरने (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाने) चिरडा, की झालं. एकेक उपाय सुटा घेतला तर त्यात गैर काही नाही. पण हे सगळे उपाय सिंबल फक्त ओव्हरहेडमध्ये असतात असं धरून चालतात. खरं तर सिंबल किटवरच्या प्रत्येक माइकमध्ये असतो.

“ओव्हरहेड खाली घ्या.” ओव्हरहेड म्यूट करून बाकीचे ट्रॅक ऐका. क्रॅश (जोरात फुटणारा मोठा सिंबल) कुठेही गेलेला नसतो. तो आता टॉमच्या माइकमधून येतो, बाजूने शिरलेला, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा. ओव्हरहेडमधला क्रॅश निदान नीट पकडलेला होता. म्हणजे फेडर खाली घेऊन चांगला सिंबल घालवला आणि वाईट तेवढा ठेवला. वर स्नेअर कोरडा पडतो तो वेगळाच.

मग तो कोरडा स्नेअर भरायला कंप्रेसर लावला जातो. ठोका ६ डीबी (डेसिबल) दाबला, जलद रिलीजने दाब लगेच सोडला आणि तेवढाच मेकअप गेन देऊन सगळा आवाज वर उचलला, तर दोन ठोक्यांमधली हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) ६ डीबी वर येते.

“रूमचे माइक चिरडा, ड्रम मोठे होतात.” या आवाजाचा सगळ्यात गाजलेला दाखला ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या तिसऱ्या अल्बमवर आहे, ड्रमवर फिल कॉलिन्स, इंजिनिअर ह्यू पॅजम. दाखला देणारे एक गोष्ट हमखास गाळतात. त्या अल्बमवर सिंबल वापरायचेच नाहीत, असं गॅब्रिएलने ठरवलं होतं. चिरडायला मागे धातू नव्हताच, म्हणून ते जमलं. तीच सेटिंग सतत क्रॅश वाजणाऱ्या कोरसवर लावली, की क्रॅशची शेपटी पुढच्या ठोक्यापर्यंत फुगत राहते.

“वरच्या फ्रिक्वेन्सी कापा.” कान सोलवटतो तो साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. १० किलोहर्ट्झच्या वरचा सगळा पट्टा (शेल्फ) कापला तर नुसती चमक जाते, बोच जागेवर राहते. आणि ३ ते ५ मध्ये हात घातला तर स्नेअरवरच्या काठीचा चटकाही तिथेच असतो, तोही मरतो. ओव्हरहेडवर त्या पट्ट्यात डायनॅमिक ईक्यू (आवाज वाढला तरच तो पट्टा दाबणारं साधन) लावून जोराच्या क्रॅशलाच ३-४ डीबी दाबणं, इथपर्यंत ठीक.

“गेट लावा.” गेट स्नेअर आणि हाय-हॅट वेगळे करत नाही, तो फक्त दार उघडतो आणि लावतो. दर बॅकबीटला, म्हणजे स्नेअरच्या मुख्य ठोक्याला, दार उघडतं आणि हॅट क्षणभर उजळते, बाजूची मध्यावर उडी मारते आणि परत जाते. दार पूर्ण लावण्यापेक्षा रेंज (दार लागल्यावर आवाज किती खाली जातो ती) ८-१० डीबी ठेवा. टॉमला तर गेट नकोच. गाण्यात मोजके फिल (टॉमवर वाजणारे छोटे तुकडे) असतात. ते ठेवून टॉमचा बाकी ट्रॅक हाताने कापा, फिलच्या शेवटी फेड द्या.

“ओव्हरहेड सिंबलच्या जवळ आणा, गेन कमी लागतो.” हा सल्ला सगळ्यात उलटा. समजा क्रॅश स्नेअरपेक्षा दीड फूट उंच आहे. माइक क्रॅशच्या २ फूट वर असेल, तर स्नेअर साडेतीन फुटांवर पडतो. निव्वळ अंतरामुळे क्रॅशला सुमारे ५ डीबींचा फायदा. माइक ४ फूट वर नेला, की हा फायदा ३ डीबींच्या आत येतो. अडचण छताची. फ्लॅटमधल्या खोलीत छत साडेनऊ फुटांचं, म्हणजे माइक छतापासून दीड फुटावर जातो आणि परावर्तित आवाज ३ मिलिसेकंदांच्या आत परत येऊन मूळ आवाजात खड्डे पाडतो. तिथे ३ फुटांवर थांबा आणि वर ४ इंची रॉकवूलचं (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचं) पॅनल टांगा.

स्नेअरच्या माइकचा कोन फुकट असतो आणि बहुतेक वेळा चुकलेला असतो. शुअर एसएम५७ हा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं; त्याची पाठ सरळ हाय-हॅटकडे करा. बीटा ५७ए सुपरकार्डिऑइड आहे; त्याला अगदी पाठीमागचं थोडं ऐकू येतं, तो बहिरा असतो तो समोरून साधारण १२५ अंशांवर. त्याची पाठ हॅटकडे केली तर काम अर्धवटच होतं. थोडा तिरका करा. हॅट आणि क्रॅश स्टँडवर दोन-चार इंच उंच करता आले तर जवळच्या सगळ्या माइकना फरक पडतो, फक्त वाजवणाऱ्याचा खांदा अवघडता कामा नये.

जड रॉक क्रॅशऐवजी पातळ १८ इंची लावा. तो हलक्या हाताने उघडतो आणि लवकर विझतो. खालून कडेजवळ चिकटवलेली गॅफर टेपची दीड-दोन इंची पट्टी शेपटी आखडते, मारलेला ठोका मात्र तेवढाच राहतो.

“हलकं वाजवलं तर जोश जातो.” जोश ऐकू येतो तो किक-स्नेअरमधून. हातांचा तोल बदलायचा, जोर नाही: स्नेअर भरून, हॅट टोकाने, क्रॅशवर काठी सरळ आपटण्याऐवजी निसटता फटका. नुसतं सांगून हे दुसऱ्या टेकपर्यंतही टिकत नाही. ड्रमरच्या हेडफोनमध्ये ओव्हरहेड चांगले वर करा आणि स्नेअर थोडा खाली. सिंबल कानात टोचायला लागले की हात आपोआप हलका पडतो, आणि स्नेअर कमी ऐकू येतो म्हणून तो जोरात मारला जातो.

ट्रॅक आधीच सिंबलने भरलेले रेकॉर्ड झाले असतील तर स्नेअरखाली सॅम्पल (स्नेअरचा सुटा, स्वच्छ रेकॉर्ड केलेला ठोका) मिसळा आणि रिव्हर्बला (आवाजाला घुमक देणाऱ्या इफेक्टला) फक्त ते सॅम्पल पाठवा. माइकचा ट्रॅक पाठवला तर हॅटलाही तोच रिव्हर्ब लागतो.