आई झाल्यावर बुद्धी कमी होत नाही

‘बाळंतपणात बाईचा मेंदू आकसतो, स्मरणशक्ती जाते, दोन वर्षं तिच्यावर जबाबदारीचं काम टाकू नका. बाळाचं मात्र तिलाच कळतं, पुरुषाला नाही.’ शास्त्रज्ञांच्या नावावर हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय.

यात आकसण्यापुरतं खरं आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २५ स्त्रियांचे पहिल्या गरोदरपणाआधी आणि नंतर एमआरआय काढले. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला लागणाऱ्या मेंदूच्या भागांतलं करडं द्रव्य (मेंदूतल्या पेशींचा थर) कमी झालं होतं, आणि दोन वर्षांनीही बरंचसं तसंच होतं. दोन वर्षांचा आकडा बहुधा इथूनच उचललाय. पण त्याच स्त्रियांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्याही घेतल्या होत्या आणि त्यांत घसरण दिसली नाही. उलट ज्यांच्या मेंदूत बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही जास्त आढळली. वयात येणाऱ्या मुलींच्या मेंदूचा बाह्यस्तरही असाच पातळ होतो, आणि तिथे आपण त्याला वाढ म्हणतो.

मग विसरायला होतं ते खोटं का? नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २० अभ्यास एकत्र तपासले. शेवटच्या तिमाहीत गरोदर स्त्रियांचे स्मरणशक्तीच्या चाचण्यांतले गुण गरोदर नसलेल्या स्त्रियांपेक्षा कमी भरले, पण बहुतेक वेळा सामान्य मर्यादेतच राहिले. एखादी अपॉइंटमेंट विसरेल. नोकरीतलं काम बिघडण्याची शक्यता कमी, असं त्यांनीच लिहिलं. बाळ झाल्यावर तर रात्रीची सलग झोपच मिळत नाही. त्या थकव्याचा दोष बुद्धीला देणं मला अन्यायाचं वाटतं.

‘पुरुषाला कळत नाही’ हेही चूक. इस्राएलमधल्या २०१४च्या अभ्यासात, आईविना बाळ वाढवणाऱ्या बापांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भावना आणि सावधपणाशी जोडलेला भाग, आईइतकाच सजग दिसला. बाळाला रोज सांभाळण्यानेही मेंदू बदलतो.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. ‘बाळंतीण आहे, विसरणारच’ म्हणून घरचे गप्प बसतात आणि आजार अंगावर काढला जातो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडू शकतं, नैराश्य येऊ शकतं. या तिन्हींत लक्ष लागत नाही, आठवत नाही. सुनेचं किंवा लेकीचं विसरणं वाढत असेल, ती गप्प-गप्प असेल, तर तिला डॉक्टरकडे न्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि मनाची अवस्थाही मोकळेपणाने सांगा.