कोळशावरच्या सेसचा पैसा कुठे गेला तेही लिहा

"पर्यावरण कर लावला की विकास मंदावतो" हे पर्यावरण करावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आपल्याकडे २०१० ला कोळशावर टनामागे ५० रुपये सेस, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, लागला, २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला, म्हणजे आठपट झाला, आणि त्याच वर्षांत कोळशाचं उत्पादनही वाढलं, जीडीपीही वाढतच राहिला, मग मंदावलं काय नेमकं?

खरा मुद्दा लेखात आलाच नाही, तो पैसा गेला कुठे? स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झालेला सेस २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या नुकसानभरपाईत वळवला. मी कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र असलेल्या चंद्रपूरची आहे. सकाळी गच्ची झाडली तरी दुपारी पायाला परत काळी पूड लागते, दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करता येत नाहीत, आईचा खोकला तर दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीपर्यंत जात नाही, दर महिन्याला इनहेलर आणि डॉक्टरची फी. हा खर्च आम्ही घरातून भरतोच आहोत, तोही करच झाला की, फक्त कोळसा जाळणाऱ्याऐवजी आमच्यावर बसलेला. त्या ४०० रुपयांतले थोडे तरी खाणीजवळच्या गावांत यायला हवे होते.